‘हात लावू नका’ ही पाटी कुणी लावली?

आजचा विषय कलेच्या संग्रहालयांचा आहे. तुम्ही म्हणाल, माजलगावात बसून हा माणूस संग्रहालयांवर काय बोलणार? आमच्याकडं धरण आहे, कापूस आहे, ऊस आहे, आठवडी बाजार आहे. संग्रहालय नाही. खरंय. पण हा भाग सुचला तो एका संग्रहालयातच, आणि सुचवला आमच्या आबांनी.

आबा म्हणजे माझे आजोबा. सिंदफणेच्या काठाला शेती. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली, साठीनंतर उजेड-अंधार एवढाच फरक उरला. पण माणूस हाताचा पक्का. कापसाचं बोंड हातात दिलं की दोन बोटांत ओढून धागा केवढा निघतो ते सांगायचे. ढेकूळ फोडून ओल किती आहे ते सांगायचे. घरात नवी चादर आली की आधी आबांच्या हाताखालून जायची, मग पलंगावर.

एकदा दवाखान्याच्या कामासाठी त्यांना मोठ्या शहरात घेऊन गेलो होतो. तपासणी सकाळीच उरकली, गाडी रात्रीची. म्हटलं चला, संग्रहालय दाखवतो. दाखवतो म्हणालो खरं, कसं दाखवणार याचा विचारच केला नव्हता. एका दालनात काळ्या दगडाची विष्णूची मूर्ती होती, उघडीच ठेवलेली. मी आबांना सांगायला लागलो, हा विष्णू आहे, चार हात आहेत, शंख आहे, चक्र आहे. आबा म्हणाले, ‘‘ते मला ठाव हाय. दगड कसा हाय ते सांग.’’ आणि त्यांनी हात पुढं केला. बोटं मूर्तीच्या पावलाला लागली असतील नसतील, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘ओ बाबा, हात लावू नका. लांब व्हा.’’

रखवालदाराची चूक नव्हती, त्याचं ते कामच होतं. आबांनी हात मागं घेतला, धोतराला पुसला, जणू काही घाण लागली होती. आणि मला म्हणाले, ‘‘मंग मला हितं आणलंस कशाला रं?’’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आबा आता नाहीत. पण मी इतिहास वाचणारा माणूस, त्यामुळं प्रश्न डोक्यात राहिला तो असा: ही पाटी पहिल्यांदा कुणी लावली? आणि ती लावायच्या आधी काय होतं?

तर ऐका. आधी हात लावायचेच.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला अ‍ॅशमोलियन नावाचं संग्रहालय १६८३ साली सुरू झालं. सर्वसामान्यांना पैसे देऊन आत जाता येईल अशा जगातल्या सुरुवातीच्या संग्रहालयांपैकी हे एक. तिथं लोक वस्तू उचलून बघत, वजन घेत, कुरवाळत. त्या काळी एखादी वस्तू ‘पाहणं’ म्हणजे डोळ्यांनी आणि हातांनी, दोन्हींनी पाहणं. १७१० साली झकारियास फॉन उफेनबाख नावाचा एक जर्मन प्रवासी तिथं गेला आणि त्यानं आपल्या प्रवासवर्णनात तक्रार लिहून ठेवली. तक्रार काय? की इथं साधीसुधी माणसं, अगदी बायकासुद्धा, सहा पेन्स देऊन आत येतात, इकडून तिकडं धावतात आणि सगळ्याला हात लावतात, आणि अडवलं तरी ऐकत नाहीत.

ही तक्रार नीट ऐका. त्याला टोचतंय ते नुसतं वस्तूंचं नुकसान नाही. कुणाचे हात लागतायत, हेही त्याला टोचतंय. अभ्यासकाचा हात लागला तर तो अभ्यास. खेडुताचा लागला तर तो धसमुसळेपणा.

पुढं एकोणिसाव्या शतकात संग्रहालयं मोठी झाली. लंडनच्या १८५१च्या महाप्रदर्शनाला साठ लाख तिकिटं फाटली. काचेवरचा कर इंग्लंडमध्ये १८४५ साली उठला होता, काच स्वस्त झाली, कपाटं आली, दोऱ्या आल्या, रखवालदार आले. आता पाहायचं ते लांबून, गुपचूप, हात मागं बांधून. आपल्याकडं संग्रहालयं आली तीही याच काळात आणि याच वळणाची. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम उघडलं, तेच आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. पुढं फोर्टात आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयाची पायाभरणी १९०५ साली झाली आणि ते १० जानेवारी १९२२ला लोकांसाठी खुलं झालं. आपल्या लोकांच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून काचेपलीकडचीच कला आली.

म्हणजे ‘हात लावू नका’ ही पाटी काही देवानं लिहिलेली नाही. ती फार तर पावणेदोनशे-दोनशे वर्षांची आहे. आणि ती कधीच पूर्ण खरी नव्हती. संग्रहालयातल्या वस्तूला हात लागतातच. अभिरक्षकाचा लागतो, साफसफाई करणाऱ्याचा लागतो, संशोधकाचा लागतो. पाटीचा खरा अर्थ ‘कुणीच हात लावू नका’ असा नाही. ‘तुम्ही लावू नका’ असा आहे.

आता आपल्या मातीत या. ‘शिवू नको’ या दोन शब्दांना आपल्याकडं केवढा काळा इतिहास आहे, हे मी वेगळं सांगायला नको. पंढरपुरात आजही दर्शनाच्या दोन रांगा असतात. एक मुखदर्शनाची, लांबून पाहायची. दुसरी पदस्पर्शाची, विठोबाच्या पायावर हात, डोकं टेकवायची. बारा-बारा, वीस-वीस तास लोक त्या दुसऱ्या रांगेत उभे राहतात. का? कारण आपल्या माणसाला कळतं की पाहणं वेगळं आणि भेटणं वेगळं. आणि याच मंदिराचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं तेव्हा. कुणाच्या हातावर विश्वास ठेवायचा आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न आपल्याकडं नुसता संग्रहालयशास्त्राचा नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते भाषण होईल. स्पर्शानं दगड झिजतो. विठोबाच्या पायांची झीज झाली म्हणून वज्रलेप करावा लागला, एकदा नाही, अनेकदा. अजिंठ्याला तर हातच काय, माणसांच्या श्वासातली वाफही चित्रांना बाधते. म्हणून तिथल्या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात. तेव्हा ‘सगळ्यांनी सगळ्याला हात लावा’ असं म्हणणारा माणूस मूर्ख ठरेल. प्रश्न असा आहे की वस्तूही टिकली पाहिजे आणि आबांनाही ती भेटली पाहिजे, हे कसं करायचं?

याचं उत्तर शोधायचा एक जुना प्रयत्न झाला तो इंग्लंडच्या सुंदरलंड गावी, १९१३ साली. गाव कसलं, जहाजबांधणी आणि कोळशाचं, कामगारांचं. तिथल्या संग्रहालयाचे अभिरक्षक जॉन आल्फ्रेड चार्लटन डीस यांनी अंध शाळेतल्या मुलांना बोलावलं आणि सांगितलं, हात लावा. पेंढा भरलेले प्राणी, सांगाडे, शस्त्रं. फोटो आहेत त्या वेळचे. एका मोठ्या प्राण्याच्या अंगावर पाच-सहा पोरांचे हात आहेत आणि चेहऱ्यावर काय हसू आहे! नंतर मुलांना माती दिली, आता जे हाताला लागलं ते करून दाखवा म्हणाले. म्हणजे मुलं नुसती पाहुणी राहिली नाहीत, कलाकार झाली. मुलांनंतर मोठ्या अंध माणसांनाही बोलावलं. आणि डीस यांनी हे सगळं लिहून काढलं, इतर संग्रहालयांनी करावं म्हणून.

१९१३. म्हणजे आमच्या आबांचा जन्मही झाला नव्हता. आबांना ‘लांब व्हा’ ऐकू आलं तेव्हा या गोष्टीला जवळजवळ शंभर वर्षं होत आली होती. माहिती होती, रीत होती, फक्त आपल्यापर्यंत पोचली नव्हती.

मधल्या काळात जगात काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. इटलीत अँकोना शहरात आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या नवरा-बायकोनं १९९३ साली म्युझिओ ओमेरो उभं केलं. दोघंही अंध. फिरायची आवड, आणि जिथं जावं तिथं हीच पाटी. शेवटी म्हणाले, आपणच करू. तिथं जगप्रसिद्ध शिल्पांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती आहेत आणि पाटी उलटी आहे, हात लावाच. संग्रहालयाचं नाव कुणावरून? होमर या अंध मानलेल्या ग्रीक कवीवरून. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयानं २०१५ साली काही प्रसिद्ध चित्रं उठावाच्या रूपात करून ठेवली, बोटांनी चित्र वाचता यावं म्हणून. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचं दालन सुरू झालं. तिथं संग्रहातल्या निवडक वस्तूंच्या २२ प्रतिकृती, ब्रेलमधली माहिती आणि कानानं ऐकायची सोय.

प्रतिकृती म्हटलं की काहीजण नाक मुरडतात. ‘खोटी वस्तू’ म्हणतात. या लोकांना मी मराठवाड्याचाच इतिहास सांगतो. १८४४ साली मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं तो माणूस तिथं राहून चित्रं काढत होता. ती चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६च्या आगीत बहुतेक जळाली. मग १८७२पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले, त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्ये आगीत गेल्या. एवढा खटाटोप कशासाठी? लंडनच्या माणसाला अजिंठ्याला येता येत नव्हतं म्हणून. तेव्हा ती नक्कल ‘खोटी’ नव्हती. मग माजलगावच्या आंधळ्या शेतकऱ्यासाठी केलेली नक्कल खोटी कशी?

आणखी एक. आपल्याकडून दक्षिणेला धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. जुनं तगर, सातवाहनांच्या काळातलं व्यापारी गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या बारीक बारीक मूर्ती आहेत. त्यातल्या कित्येक दुहेरी साच्यातून काढलेल्या. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्ही अर्धे जोडून एक मूर्ती. साचा म्हणजे काय? एकासारख्या अनेक काढायची सोय. दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या कारागिरानं ती वस्तू अनेक हातांत जावी म्हणूनच घडवली होती. आज तशीच एक साच्यातून काढून एखाद्या लेकराच्या हातात दिली, तर त्या कारागिराच्या धंद्याला धरूनच होईल ते.

आता आमच्या तालुक्यातलीच गोष्ट सांगतो. माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक मास आला की महाराष्ट्रभरातून लोक तिथं येतात, कारण धोंड्याचा महिना म्हणजेच पुरुषोत्तम मास. या गावचा एक ताम्रपट इतिहासात प्रसिद्ध आहे, देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा, शके १२३२चा, म्हणजे इसवी सन १३१०चा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. यादवांच्या शेवटच्या काळाबद्दल जे थोडे पक्के पुरावे आहेत त्यातला हा एक.

मी कधीकधी विचार करतो, ताम्रपट म्हणजे काय? तांब्याच्या पत्र्यात छिन्नीनं कोरलेली अक्षरं. खोलगट. बोट फिरवलं तर हाताला लागणारी. पॅरिसमध्ये व्हॅलेंताँ आवीनं अठराव्या शतकाच्या शेवटी अंध मुलांसाठी उठावाच्या अक्षरांची पुस्तकं काढली, आणि त्याच्याच शाळेत पुढं शिकलेल्या लुई ब्रेलनं १८२९ साली ठिपक्यांची लिपी छापून प्रसिद्ध केली. आपल्या कारागिरांनी ते अंधांसाठी केलं नव्हतं, हे उघड आहे. पण अक्षर हे फक्त डोळ्यांचं नसतं, हे तांबं आणि दगड आपल्याला कधीपासून सांगतायत. शिलालेख वाचणारे तर आजही हातानंच काम करतात. ओला कागद दगडावर बसवतात, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबतात, वरून शाई फिरवतात, मग ठसा उमटतो. उन्हात डोळ्यांना न दिसणारं अक्षर ठशात दिसतं. म्हणजे मिराशींसारख्यांची विद्यासुद्धा अर्धी स्पर्शाचीच. मग अशा एका पत्र्याची प्रतिकृती अंध शाळेतल्या मुलीच्या हातात दिली आणि म्हटलं, हे बघ, सातशे वर्षांपूर्वी आपल्या गावाबद्दल लिहिलंय, तर काय बिघडेल?

इथपर्यंत मी नजरेबद्दल बोललो. पण गोष्ट तेवढीच नाही, आणि हे मला शिकवलं माझ्या भाच्यानं. तो स्वमग्न आहे. २०२३च्या अधिक श्रावणात आम्ही त्याला घेऊन पुरुषोत्तमपुरीला गेलो. गर्दी, भोंगे, घंटा, नारळ फुटण्याचे आवाज. तो कानावर हात दाबून जमिनीवर बसला आणि ओरडायला लागला. लोक म्हणाले, लाड केलेत फार. ताईच्या डोळ्यांत पाणी. शेवटी नदीच्या बाजूला दगडाच्या पायरीवर जाऊन बसलो. त्यानं तळहात गार दगडावर ठेवला आणि अर्धा तास तो दगड चाचपत बसला. शांत. त्यालाही ते ठिकाण भेटलंच की. फक्त त्याचं दार वेगळं होतं.

आबांना कमी दिसायचं, भाच्याला जास्त ऐकू येतं. संग्रहालय दोघांनाही बाहेर ठेवतं, कारण ते एकाच प्रकारच्या माणसासाठी आखलेलं असतं. ज्याला नीट दिसतं, तासभर उभं राहवतं, घुमणारा आवाज आणि झगमगता दिवा सहन होतो, आणि जो गप्प राहतो. पण यावरही उपाय निघालेत, आणि ते महागडे नाहीत. काही संग्रहालयं महिन्यातून एक सकाळ नेहमीच्या वेळेआधी दार उघडतात. गर्दी नाही, ध्वनिफिती बंद, दिवे मंद. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं असा नकाशा केलाय की कुठं शांत असतं, कुठं हात लावता येतो, ते आधीच कळतं. काही ठिकाणी भेटीआधी घरी वाचायला चित्रांची गोष्ट देतात: आधी दार लागेल, तिथं तुझी पिशवी तपासतील, मग मोठी खोली येईल. भाच्यासारख्या मुलाला पुढं काय होणार हे माहीत असलं की निम्मी भीती जाते. एक कोपरा, दोन खुर्च्या, कानाला लावायची चार-दोन साधनं, आणि ‘लांब व्हा’ऐवजी ‘या, इथं हात लावा’ म्हणणारा एक शिकवलेला रखवालदार. यातल्या कशाला कोटी रुपये लागतात?

कायदाही आपल्या बाजूनं आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं १९९५च्या कायद्यातली सात प्रकारांची यादी २१वर नेली आणि त्यात स्वमग्नता आली. त्याच कायद्याच्या कलम २९मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क आहे. कला दिव्यांगांना सुगम करणं ही तिथं सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी म्हटली आहे. उपकार नाही, जबाबदारी.

आता शेवटचं. माजलगावात संग्रहालय नाही, मग आपण काय करायचं? एक म्हणजे, संग्रहालय चाकांवरही येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५पासून शाळाशाळांतून, गावोगावी फिरते. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी एक पत्र लिहायला हरकत नाही, आणि पत्रात हेही लिहावं की आमच्याकडं अशी अशी मुलं आहेत, त्यांना वेगळा वेळ द्या. दुसरं म्हणजे, मराठवाड्यात कितीतरी गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. उन्हापावसात, तेल-शेंदूर फासलेले, काचेशिवाय. त्याच्या उठावात खाली लढणारा वीर असतो, वर अप्सरा त्याला नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ही गोष्ट खालून वर बोटांनी वाचता येते. तुमच्या घरात कुणाची नजर गेली असेल तर त्यांना एकदा तिथं घेऊन जा. त्यांचा हात धरा, सगळ्यात खालच्या चौकटीवर ठेवा, आणि मग तुम्ही गप्प बसा.

आबांना मी हे करून दाखवलं नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

जाता जाता: हा भाग लिहूनही टाकायचा हट्ट आमच्या एका वाचकाचा. त्यांना ऐकू येत नाही, ते आमचा प्रत्येक भाग वाचतात आणि चुका काढतात. यातही काढतील. भेटू पुढच्या भागात.